शेवटचा ताव

"डोळे मिटा, आबा."

रंगराव निकमांनी डोळे मिटले आणि उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. मयूरीनं बोथट टोकाची प्लास्टिकची काडी उचलून त्यांच्या मधल्या बोटाच्या पेरावर टेकवली.

"मधलं," आबा म्हणाले.

काडी अंगठ्यावर गेली. "अंगठा." मग करंगळीवर. "करंगळी." उरलेली दोन बोटंही आबांनी बिनचूक सांगितली. मयूरीनं फोनवरच्या तक्त्यात 'दिवस अडुसष्टावा, पाचपैकी पाच' असं भरलं आणि पाठवून दिलं. काडी पुसून डबीत ठेवली, आबांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि स्वतःचा डबा भरायला घेतला.

असा आकडा रोज येतोय म्हटल्यावर दुसऱ्या कुणी गल्लीत पेढे वाटले असते. मयूरीला मात्र आताशा चांगल्याचं फारसं काही वाटत नसे आणि वाईटाचंही नाही. आई गेली त्याला पावणेदोन वर्षं झाली होती. दहाव्याला आलेल्या बायका एकमेकींच्या कानात कुजबुजल्या होत्या, की पोरगी एकदाही रडली नाही. ते तिनं ऐकलं होतं आणि त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं. ती सकाळी उठायची, आबांची चाचणी घ्यायची, कामावर जायची, परत यायची. बापलेकीत दिवसाला वीस-पंचवीस वाक्यं होत आणि तेवढ्यात घर चाले.

त्या वीस-पंचवीस वाक्यांत गेले दोन महिने "लागतंय का?" आणि "व्हय, लागतंय की" ही दोन वाक्यं रोजची होती.

रंगराव जातिवंत गलाईवाले. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तसे ते सोळाव्या वर्षी कुंभकोणमला गेले आणि चाळीस वर्षं एका बोळातल्या भट्टीसमोर मांडी घालून बसले. सराफांकडची मोड, कानशीचा कीस, दुकानातली झाडलेली धूळसुद्धा मुशीत घालून वितळवायची आणि त्यातून शुद्ध सोन्याची गोळी काढून द्यायची, हा धंदा. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी एक मूस तडकली आणि उकळता रस त्यांच्या उजव्या मनगटावर आला. कातडी भरून आली, बोटं हलायला लागली, पण मनगटातल्या स्पर्शाच्या नसा जळाल्या त्या जळाल्याच. हात होता आणि नव्हता. भाकरीचा तुकडा मोडला की नाही हेही त्यांना बघूनच कळे. दुकान आवरून नवरा-बायको विट्याला परतले.

तोवर विट्याचा चेहरामोहरा बदलला होता. ज्यांच्या आजोबांनी सोनं गाळलं, त्यांच्या नातवंडांनी गावाबाहेरच्या वसाहतीत सोन्याचे अणू मोजून गुच्छ बांधणाऱ्या प्रयोगशाळा काढल्या होत्या. मयूरी त्यातल्याच 'तंतुस्पर्श' नावाच्या एका लहान प्रयोगशाळेत होती. तिथं एकच वस्तू तयार व्हायची. तुटलेल्या नसेच्या दोन टोकांमध्ये बसवायची, भाताच्या दाण्याएवढी सोन्याची पट्टी.

सोन्याची म्हटलं की लोकांना तार आठवते. सोन्याच्या तारेत इलेक्ट्रॉन मोकाट हिंडतात, कारण त्यांच्या ऊर्जेच्या पातळ्या एकमेकींना इतक्या खेटून असतात की चढ असा जाणवतच नाही. पण सोन्याचा तुकडा लहान, आणखी लहान करत नेला आणि त्यात मोजून अडतीस अणू उरले, की त्या सपाटीच्या पायऱ्या होतात. एका पायरीवरून दुसरीवर जायला इलेक्ट्रॉनला ठरावीक जोर लागतो. तेवढा मिळाला तर तो पुढं सरकतो, नाही तर जागचा हलत नाही. गंमत अशी की या पायऱ्यांची उंची अणू किती आहेत एवढ्यावरच ठरत नाही, ते कसे रचले आहेत यावरही ठरते. विटा तेवढ्याच घेऊन दोन गवंड्यांनी दोन घरं बांधली, तर दोन्हीकडचे जिने सारखे असतीलच असं नाही.

अडतीस अणूंच्या दोन रचना प्रयोगशाळेला ठाऊक होत्या. एक ढिली, गारव्यात तयार होणारी. तिच्या पायऱ्या बुटक्या. नसेतून येणाऱ्या इवल्याशा विजेच्या धक्क्यानंही इलेक्ट्रॉन त्या चढून जात आणि धक्का पलीकडच्या टोकाला पोचे. म्हणजे बोटाला टाचणी टोचली की मेंदूला कळे. दुसरी रचना घट्ट. तिच्या पायऱ्या उंच आणि नसेच्या धक्क्याला त्या झेपत नसत. सोनं तेच, अणू तेवढेच, वजन तेवढंच, पण पट्टी मुकी. ढिलीला ऊब लागली की तिच्यातले अणू सरकून जास्त सोयीच्या, घट्ट रचनेत जाऊन बसतात, आणि पुन्हा गार केलं म्हणून माघारी फिरत नाहीत.

हे सगळं मयूरीला पाठ होतं. या विषयावर तिला परीक्षेत चांगले गुण होते.

पहिल्या बॅचच्या बारा पट्ट्या दिवाळीनंतर बारा माणसांच्या हातात बसवल्या गेल्या. तेरावं नाव यादीत नव्हतं आणि बारावं रंगराव निकम होतं. पट्टी बसवल्यावर पाचव्या दिवशी बँडेज सुटे. त्यानंतर नव्वदाव्या दिवसापर्यंत घरच्याच कुणी तरी रोज काडीनं चाचणी घ्यायची आणि आकडा कळवायचा, असा नियम होता. तोवर नसेचं टोक जिवंत राहतं. पट्टी बदलायचीच झाली तर त्या मुदतीत बदलता येते. पुढं टोक वाळून जातं आणि दार कायमचं बंद होतं.

एकोणसत्तराव्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख, डॉ. नसीम इनामदार, यांनी मयूरीला केबिनमध्ये बोलावलं. बाई पन्नाशीच्या, बोलायला सरळ आणि कामाला कडक. समोरच्या पडद्यावर बारा ओळी होत्या.

"अकरा शून्य आणि एक पाच," त्या म्हणाल्या. "आता थांबण्यात अर्थ नाही."

"बॅच पुन्हा तपासायची का, मॅडम?"

"हाच प्रश्न मला बोर्डानं विचारला. मी म्हटलं, बॅच बिघडली असती तर बाराही गप्प असते. तुझ्या वडिलांचा हात बोलतोय ना? मग पट्टी चांगली आहे. बाकीच्यांच्या नसाच आधीपासून गेलेल्या असणार. आपली माणसांची निवड चुकली." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सोमवारी अकरा जणांना पत्रं जातील. वाईट वाटतंय मला. पण तुझ्या वडिलांमुळे निदान काम तरी वाचलं."

मयूरी "बरं" म्हणाली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. अकरा माणसं. तिनं त्यांची नावं एकदा वाचून काढली. आपल्याला काही वाटतंय का, हे तिनं पाहिलं. काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाला तिचा फोन वाजला. इचलकरंजीहून कुमुदिनी कोष्टी बोलत होती. यादीतली चौथी. जन्मापासून आंधळी, अंध मुलांच्या शाळेत शिकवणारी, आणि रिक्षाच्या अपघातात उजव्या हाताचा स्पर्श गेल्यापासून वाचता न येणारी. डाव्या हातानं तिला ठिपके नीट लागत नव्हते.

"ताई, सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय," ती म्हणाली. "हॉस्पिटलातली सिस्टर म्हणाली, एका काकांना पहिल्यापासून लागतंय आणि ते तुमचे वडीलच आहेत. त्यांना एक विचाराल का? सुरुवातीला नेमकं कसं लागतं? म्हणजे मला लागत असेल आणि कळतच नसेल, असं तर नाही ना?"

मयूरीनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. "तुम्हीच विचारा. आबा, या कोष्टी मॅडम. तुमच्याबरोबरच्याच आहेत."

आबा तिळगुळाच्या डब्याचं झाकण डाव्या हातानं लावत होते. ते थांबले.

"काका, सुरुवातीला काय होतं हो?"

"सुरवातीला?" आबांनी घसा खाकरला. "पयलं जरा गार लागतं. मग मुंग्या येत्यात. आन् मग कुणी बारीक वाळू घासल्यागत हुतं."

"किती दिवस होतं असं?"

"हुतं आठ-पंधरा दिस."

"मला काहीच होत नाही हो, काका." तिचा आवाज अजून समजुतीचाच होता. "मी रोज तासभर पुस्तकावर हात फिरवते. कागद आहे की टेबल, तेही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, तुमची नसच खराब, पट्टी चांगली आहे, त्या विट्याच्या काकांना बघा कसं लागतंय. मग माझ्यातच खोट असणार. पण तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. अजून वीस दिवस आहेत. मी मुंग्यांची वाट बघते."

फोन बंद झाला. आबांनी झाकण दाबून बसवलं. मग म्हणाले, "ह्या बाईला असं कुणी सांगितलं, माझं बघा म्हनून?"

"सगळ्यांनाच सांगितलंय. तुमच्या आकड्यावरच ठरवलं सगळं."

"काय ठरवलं?"

"पट्टी चांगली आहे हे. सोमवारी पत्रं जाणार, की तुमच्या नसा चालत नाहीत, आता काही करता येणार नाही."

आबा उठले. दुपारी जेवले नाहीत. पोटात आग पडलीय म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन पडले.

चारच्या सुमाराला त्यांनी मयूरीला हाक मारली. ते देव्हाऱ्यासमोर पाटावर बसले होते. पुढ्यात चहाची पांढरी बशी होती आणि बशीशेजारी दोन कुप्या.

एक कुपी देवीची. गलाईवाल्यांच्या घरी रीत असते. नव्या भट्टीतून पहिला रस निघाला की वाळवणं, उजळणं, तोलणं यातलं काही करायच्या आधी त्यातला थेंबभर देवीपुढं ठेवायचा. बॅच तयार झाल्या दिवशी मयूरीनंही द्रवाचे चार थेंब काचेच्या कुपीत बंद करून घरी आणले होते. मॅडमना विचारलं होतं. त्या हसून 'ने' म्हणाल्या होत्या. नोव्हेंबरपासून ती कुपी टाकाच्या मागं, थंड कोनाड्यात उभी होती.

दुसरी कुपी समारंभातली. बॅच रवाना झाल्यावर प्रयोगशाळेनं प्रत्येकाला आठवण म्हणून उरलेल्या भुकटीचं थोडं द्रावण करून दिलं होतं. ती टीव्हीशेजारी असायची. दोन्हींवरच्या चिठ्ठ्यांवर मयूरीच्याच अक्षरात 'बॅच एक' लिहिलं होतं.

"बस," आबा म्हणाले. त्यांनी दोन्ही कुप्यांतला एकेक थेंब बशीत सोडला होता. "रंग बघ."

मयूरीनं पाहिलं. टीव्हीजवळच्या कुपीतला थेंब तपकिरी होता. देवीचा हिरवटाकडं झुकलेला होता.

"एक दाट असेल, एक पातळ," ती म्हणाली.

"पातळ केल्यानं फिकं हुतंय, पोरी. हिरवं हुत न्हाय." त्यांचा आवाज धंद्यावरचा होता, कुंभकोणमच्या दुकानातला. "चाळीस वर्सं रंगावर प्वाट भरलंय मी. कसोटीवर रेघ वढली की सांगायचो कुणाच्या दुकानचं हाय. ह्यो माल एक न्हाय."

"एकच आहे, आबा. मीच भरलाय. वजन तेच, शुद्धता तीच, अणूंची मोजणी तीच. सगळं तपासलंय."

"मग ह्या थेंबापासनं त्या थेंबापातुर मधी काय केलंस?"

"काही नाही. वाळवलं फक्त."

"कसं वाळवलं?"

मयूरी सांगायला गेली आणि थांबली.

कागदावरचा नियम होता छत्तीस तास, निर्वात पेटीत, खोलीच्या तापमानाला. तिनं तसंच वाळवलं होतं. उजेडात धरून रंगाची तपासणी त्याच्या आधीच, ओल्या मालावर झाली होती. सदतिसाव्या तासाला तिनं भुकटी बाहेर काढली तेव्हा ओलाव्याचा काटा केसभर वर होता. चालण्यासारखा होता. पण तिच्या हाताला ते पटलं नाही. घरात लहानपणापासून एकच पाहिलेलं होतं. सोनं शुद्ध झालं, तोललं, सगळं झालं, तरी गिऱ्हाइकाच्या हातात देण्यापूर्वी गोळीला शेवटचा ताव द्यायचा. उरलासुरला ओलावा, तेजाबाचा वास उडून जातो. गार माल देणं म्हणजे उष्टं ताट वाढणं. आबा द्यायचे, आबांचे वडील द्यायचे. तिनं पेटीचा गरम कप्पा लावला. पंचावन्न अंश, चाळीस मिनिटं.

जिच्या घरात सोनं हजार अंशांच्या वर पाण्यासारखं वाहायचं, त्या पोरीला पंचावन्न अंश ही ऊब वाटलीच नाही. तिनं ते कुठं लिहिलंही नाही. ताट वाढण्याआधी फडक्यानं पुसलं हे कुणी लिहून ठेवतं का?

"ताव दिला," ती म्हणाली. "शेवटचा ताव दिला, आबा."

आबांनी मान हलवली. बशी बाजूला सारली.

"पण मग तुम्हाला कसं लागतं?" तिनं विचारलं. विचारताना तिला उत्तर कळलं होतं.

"न्हाय लागत. पयल्या दिसापासनं न्हाय."

"पाचपैकी पाच..."

"भट्टीकडं बघायला पुरतं डोळं उघडून चालतंय व्हय? पापण्यांच्या फटीतनंच बघायला लागतं. चाळीस वर्सं तसंच बघितलंय. तू काडी कुठं ठेवतीस ते मला दिसत हुतं."

रागावं की काय करावं, ते मयूरीला सुचेना.

"का, आबा?"

"बँडेज सोडलं त्या दिशी तू इचारलंस, लागतंय का. मी म्हनलं, व्हय. म्हनलं, आज न्हाय तर उद्या लागंलच, आत्ताच कशाला न्हाय म्हना. आन् तू हसलीस." आबांनी बशीतले थेंब फडक्यानं पुसले, काळजीपूर्वक, एकेक करून. "तुझी आई गेल्यापासनं पयल्यांदा हसलीस. मग मला न्हाय म्हनवंना."

ती हसली होती हे मयूरीला आठवतच नव्हतं. तिनं आठवून पाहिलं. दवाखान्याची खोली आठवली, कापसाचा वास आठवला, हसू आठवलं नाही. याचं मात्र तिला वाईट वाटलं. फार दिवसांनी काही तरी वाटलं, आणि ते हे होतं.

"स्वेटर काढा," ती एकदम म्हणाली.

"कशाला?"

"जेवताना बाही ओली झाली तरी वर सारत नाही तुम्ही. काढा."

आबांनी काढला नाही, तेव्हा तिनंच बाही वर केली. तळव्याच्या बुडाशी, टाक्यांच्या व्रणाला लागून, रुपयाएवढी जखम होती. भाजलेली, कडेनं पिवळी, मधोमध ओली. वर हळद दाबलेली होती.

"कधीचं हे?"

"धा-बारा दिस झालं. च्या ठेवताना हात शेगडीवर टेकला. वास आल्यावर कळालं."

ती उठली. दोन्ही कुप्या रुमालात गुंडाळल्या, जखमेवर स्वच्छ फडकं बांधलं आणि आबांना चप्पल घाला म्हणाली. रविवार असला तरी इनामदार मॅडम प्रयोगशाळेतच सापडायच्या.

यंत्राला दोन थेंबांचा निवाडा करायला अकरा मिनिटं लागली. पडद्यावर दोन वक्ररेषा उमटल्या, दोघींची शिखरं वेगळ्या जागी. मॅडम खुर्चीत मागं टेकल्या.

"ताव म्हणजे किती?"

"पंचावन्न अंश. चाळीस मिनिटं."

"नोंद?"

"नाही केली."

"का नाही केली, मयूरी?"

मयूरीनं ताटाची गोष्ट सांगितली नाही. ती खरी असली तरी कारण म्हणून पुरेशी नव्हती. "करायला हवी होती," एवढंच ती म्हणाली.

मॅडमनी दाराशी स्टुलावर बसलेल्या रंगरावांकडं पाहिलं. मॅडमना काही तरी बोलायचं होतं, आणि ते कडू होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "रंगरावकाका, तुम्ही आज आला नसता तर उद्या पत्रं गेली असती."

"आदी यायला पायजे हुतं," आबा म्हणाले.

पुढचे दिवस मयूरीला कामाच्या ओळीनंच आठवतात. नवी बॅच झाली, छत्तीस तासांऐवजी अट्ठेचाळीस तास थंडच वाळली, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा उजेडात धरून तपासली गेली. मयूरी काचेबाहेर उभी होती. तिला मालाला हात लावायची परवानगी नव्हती. चौकशी चालू होती. अकरा जणांना पत्रं गेली ती माफीची आणि तारखांची. ब्याऐंशीव्या ते शहाऐंशीव्या दिवसांत अकरा हातांतल्या पट्ट्या बदलल्या गेल्या.

बारावी पट्टी फ्रीजमध्येच राहिली. डॉक्टरांनी आबांची जखम पाहिली आणि मान हलवली. बारा दिवस मलमपट्टी होऊनही आत पू होता. अशा जागेवर सुरी लावली तर हातच जाईल. आधी ती भरू द्यायला हवी. किती दिवस, असं मयूरीनं विचारलं. पाच आठवडे, सहाही लागतील, असं ते म्हणाले. दिवस उरले होते आठ.

भाजलं त्या दिवशीच दाखवून जखम धुऊन घेतली असती तर वेळेत भरली असती, असंही डॉक्टर म्हणाले. आबांनी ते ऐकलं आणि बाही खाली ओढली.

"दाखवली असती तर तुला कळालं असतं," परतताना गाडीत ते म्हणाले. जणू तिनं विचारलं होतं.

नव्वदाव्या दिवशी सकाळी कुमुदिनी कोष्टीचा फोन आला. या वेळी तिनं मयूरीशी बोलायच्या आधी काकांनाच मागितलं.

"काका, आल्या मुंग्या!" ती जवळजवळ ओरडलीच. "काल बँडेज सुटलं. आधी गार लागलं, मग मुंग्या, आणि आज सकाळी कागदावर हात ठेवला तर वाळू! तुम्ही सांगितलंत तस्संच, अगदी तस्संच."

"बरं झालं, बाई," आबा म्हणाले. "लई बरं झालं."

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला ओळखूच आलं नसतं."

फोन ठेवल्यावर मयूरीनं विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक होतं, आबा? खोटंच तर सांगत होता."

"थंडीत हात गारठलं की भट्टीम्होरं धरायचो न्हवं, तवा पयलं असंच हुतं. गार, मग मुंग्या, मग वाळू. त्येच सांगितलं." त्यांनी उजव्या हाताकडं पाहिलं. "ध्यानात हाय अजून."

नियमाप्रमाणं आज शेवटची चाचणी होती. घेतली नसती तरी कुणी विचारणार नव्हतं. पण तक्त्यात एक ओळ रिकामी होती आणि रिकामी ओळ सोडायची नाही एवढं मयूरी आता शिकली होती. तिनं काडीची डबी काढली. आबांनी आपणहून खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांवर बांधून घेतला, डाव्या हातानं आणि दातांनी गाठ मारली, आणि उजवा हात टेबलावर उताणा ठेवला.

मधलं बोट. आबा गप्प. अंगठा. गप्प. तिनं पाचही बोटं केली आणि 'पाचपैकी शून्य' असं भरलं. खाली शेऱ्याच्या जागी काय लिहावं ते तिला सुचलं नाही.

तिनं काडी ठेवली. मग टेबलावरचा तो हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला, उचलला नाही, होता तिथंच धरला. तळवा गरम होता, बोटांच्या पेरांवर तेजाबानं पडलेले जुने काळे डाग होते, अंगठ्याच्या मुळाशी सांडशीचा घट्टा होता. लहानपणी या घट्ट्यावर ती नखं घासायची आणि आबा ओरडायचे. तिनं घट्ट्यावर नख टेकवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं. पावणेदोन वर्षांचं सगळं एकदमच आलं. ती आवाज न करता रडत राहिली आणि तिनं हात सोडला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात मिनिटं गेली. टॉवेलाखाली आबांचा चेहरा शांत होता, कान लावून वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"मयू," शेवटी ते म्हणाले, "बसलीस का नुसती? कर की सुरू."